अनुस्वार

रेक्झिनला माफी नसते.
कापडावर चुकलेली शिवण उसवता येते,
भोकं दोन धुण्यांत मिटतात.
रेक्झिनवर सुई एकदा उतरली की उतरली.
म्हणून मी पायाखाली, मशीनच्या,
बाळाची पावडर मारते,
सुई अठरा नंबर, टाका लांब,
रिंगमध्ये आवळायचं नाही, वळ उठतो,
नुसतं कागदावर चिकटवून सोडायचं
आणि कोपऱ्यावर श्वास धरायचा.

रेवणसिद्ध हत्तुरे आले मार्चअखेर,
कारखान्याचा पट्टा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी.
खिशात सुतळी, सुतळीला चार गाठी.
"हा टायरचा घेर, ही रुंदी,
ह्या दोन कशाच्या ते विसरलो.
उन्हानं रबर तडकायलंय, अक्का.
दिवाळीपर्यंत ट्रेलर नुसता उभा.
चार चाकांना चार टोप्या शिवा
आणि टोपीवर एकेक अक्षर घाला."
कुठल्या देवाचं, मी विचारलं.
"देवाचं कशाला? मंडळींचं.
आरसी बुकावर तिचंच नाव आहे की."

नी. ल. गं. गा.

मोजताना माझी जीभ अजून तेलुगूत जाते,
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू.
नायना चादरी विणायचे, अशोक चौकाच्या मागे,
चुकलेला धागा मागे जाऊन काढायचे,
मालकाला पत्ता लागायचा नाही.
मी अकरा वर्षं युनिफॉर्मच्या कारखान्यात
खिशांवर शाळांचे बिल्ले काढले.
सूर्य, पुस्तक, मशाल, पुन्हा सूर्य.
कुणा बाईचं नाव, वितभर अक्षरात,
हे पहिल्यांदाच.

नी झाला, वेलांटी जरा ऐटीत.
ल झाला.
गं ला टिंब भरीव हवं म्हणून
पिवळा धागा गच्च भरत गेले, गोल गोल,
मशीन खडखडलं,
आणि कडेनं तिकिटासारखी भोकं पडून
रुपयाएवढी चकती अलगद खाली आली.
गं चा ग.
भोकातून टेबल दिसत होतं,
टेबलावर माझा गार चहा.

तेवढ्यात लाईट गेली. बरंच झालं.
त्रेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली बसून
मी त्या भोकाकडे बघत राहिले.
दुसरी टोपी कापायला रेक्झिन नव्हतं,
मार्केट यार्डापर्यंत जायला पाय नव्हते.
एका रिक्षाच्या सीटचं लाल उरलं होतं.
तेच मागून लावलं.
कडेनं एकच फेरा, टाका लांब लांब,
जसं आधीच करायला हवं होतं.

न्यायला नीलगंगाबाई आल्या,
स्वतः ट्रॅक्टर चालवत, ट्रेलर मागे,
नवरा मडगार्डवर, सुतळीसकट.
टोप्या त्यानं चढवल्या.
डाव्या बाजूला नील, बरोबर.
उजव्या बाजूला गागं.

"अहो, त्या बाजूला तोंड उलटं असतं.
गं मागच्या चाकाला."
इलॅस्टिक ओढून त्यांनीच काढल्या, बदलल्या,
लाल टिंबावर बोट फिरवलं.
"हे तेवढं लाल कसं?"
चुकलं म्हणून, मी म्हणाले.
"बाकीच्यापेक्षा बरं दिसायलंय."
मग दोन पावलं मागे सरकून,
"म्हणजे ह्या बाजूनं गंगा, त्या बाजूनं नील.
एका जागी उभं राहून
मला कोणी वाचायचं नाही."

नवरा काही बोलला नाही.
असला हिशोब त्यानं धरला नव्हता,
सुतळीला तेवढी गाठ नव्हती.

पैसे देताना त्यांनी पन्नास कमी दिले.
"टिंबाचे," म्हणाल्या,
आणि हसल्यासुद्धा नाहीत.
ट्रॅक्टर अक्कलकोट रोडला लागेपर्यंत
मला गंगाच दिसत राहिली,
मग तीही धुळीत पुसट, नुसतं लाल.

चकती बटणांच्या डब्यात आहे.
पिवळ्या धाग्यानं इतकी गच्च भरलेली
की वाकत नाही.
शर्टाचं बटण शोधायला हात घालावा
तर दर वेळी तीच आधी बोटाला लागते.